गंगाराम तांबटाचा गेंडा

पंचवीस वर्षे मी चित्रकलेच्या मुलांना एक गोष्ट सांगत आलो. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे गंगाराम तांबट नावाचा एक हुशार पुणेकर वेल्सच्या हाताखाली तयार झाला, आणि महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रणाचा पाया पडला. गोष्ट सुटसुटीत आहे. तिला आरंभ आहे, गुरू आहे, शिष्य आहे. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहायला एवढा मजकूर पुरतो. मी ती माझ्या शिक्षकांकडून ऐकली होती; त्यांनी ती कुठून घेतली, हे विचारायचे मला कधी सुचले नाही.

ही गोष्ट एका गेंड्याने मोडली. तो पुण्याचा गेंडा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला. त्याचे चित्र मात्र आज अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन गावी, येल विद्यापीठाच्या ज्या केंद्रात आहे, त्याचे नाव 'येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट'. पुणेरी चित्रकाराने पुण्यात काढलेले पुण्याच्या प्राण्याचे चित्र ब्रिटिश कलेच्या अभ्यासकेंद्रात का असावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा संतापाने विचारला जातो. मीही तसाच विचारत असे. या लेखात तो जरा निराळ्या रीतीने विचारायचा आहे : त्या चित्राला तिथे काय मिळाले, तिथे त्याचे काय हरवले, आणि आपण त्याचे काय केले?

२

२०१९ च्या ऑक्टोबरात भाचीकडे मुक्काम होता. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून न्यू हेवन रेल्वेने सुमारे दोन तासांवर. मी जायचे म्हटल्यावर भाची हसली. म्हणाली, "मामा, एवढ्या लांब येऊन तुम्ही पुण्याचंच चित्र बघणार?" तिला उत्तर द्यायला मला परतीच्या प्रवासापर्यंत वेळ लागला.

चॅपल स्ट्रीटवरची ती इमारत पहिल्या नजरेत कोणाच्या डोळ्यांत भरेल असे वाटत नाही. बाहेरून मळकट पोलादाचे पत्रे आणि काचा. ढगाळ दिवशी सगळे राखाडी. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर चक्क दुकानांचे गाळे आहेत. विद्यापीठाने गावातली जागा घेतली की गावाचे कराचे उत्पन्न बुडते, ही न्यू हेवनकरांची तक्रार होती. तिच्यावर काढलेला हा तोडगा. पेठेतल्या वाड्याला दर्शनी गाळे असतात तसेच हे दिसते, आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. आत गेल्यावर मात्र चार मजले उंच चौक लागतो आणि वरून उजेड उतरतो. काँक्रीट, ओक लाकडाच्या फळ्या, दगडी फरशी. चौकाभोवतीच्या दालनांतून आत डोकावणाऱ्या खिडक्या.

वास्तुविशारद लुई कान. अहमदाबादच्या आयआयएममुळे हे नाव आपल्याला परके नाही. १९६९ मध्ये हे काम त्यांच्याकडे आले. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतत असताना न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवर त्यांचे निधन झाले, तेव्हा ही इमारत अर्धवट होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुरी केली आणि एप्रिल १९७७ मध्ये केंद्र सुरू झाले.

पैसा आणि संग्रह पॉल मेलन यांचा. वडील अँड्र्यू मेलन बँकर, अमेरिकेचे अर्थमंत्री, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचे संस्थापक, आई इंग्रज. पॉल येलमधून पदवीधर होऊन केंब्रिजला शिकले आणि तिथे त्यांना इंग्लंडचे आणि घोड्यांचे वेड लागले. पुढे त्यांच्या मिल रीफ या घोड्याने १९७१ ची डर्बी जिंकली. १९३६ मध्ये त्यांनी घेतलेले पहिले ब्रिटिश चित्रही घोड्याचेच : जॉर्ज स्टब्जचे 'पम्पकिन' आणि त्याचा तबेल्यातला पोऱ्या. १९६६ मध्ये त्यांनी संग्रह, इमारत आणि ती चालवण्याचा निधी असे सगळेच येलला देऊ केले. दोन हजारांच्या वर चित्रे, सुमारे २०,००० रेखाटने व जलरंग, ४०,००० मुद्राचित्रे, ३५,००० दुर्मिळ पुस्तके व हस्तलिखिते, असा हा पसारा आहे. ब्रिटनबाहेर ब्रिटिश कलेचा एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती मांडणी. इथे संग्रहालय आणि संशोधनसंस्था एकाच छपराखाली आहेत. भिंतीवरचे चित्र, कपाटातले रेखाटन, त्याच काळाचे प्रवासवर्णन आणि त्यावर शंभर वर्षांनी लिहिलेला ग्रंथ या सगळ्यांत एका जिन्याचे अंतर. चित्र पाहणे आणि चित्राविषयी वाचणे ही दोन कामे वेगळी ठेवायची नाहीत, असा निश्चय इमारतीच्या आराखड्यातच आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

३

अभ्यासिकेत मी आगाऊ कळवून गेलो होतो. पिशवी बाहेर, शाई बंद, फक्त पेन्सिल. कोणत्या संस्थेतून आलात, शिफारसपत्र आहे का, असे कोणी विचारले नाही. एका बाईंनी पेटी आणली आणि जाड पुठ्ठ्यात बसवलेला कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मध्ये काच नाही.

हे चित्र मी पुस्तकांत पाहिले होते, काडेपेटीएवढे, काळेपांढरे. पेशव्यांच्या पुण्यातल्या शिकारखान्यातला गेंडा. चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. मी कातड्याच्या घड्यांकडे पाहत राहिलो. ज्याने हे काढले तो माणूस जनावरासमोर उभा होता, याबद्दल शंका राहत नाही. पोथीतला गेंडा आणि पाहिलेला गेंडा यांत फरक असतो. पोथीतला गेंडा म्हणजे गेंडा या कल्पनेचे चित्र. हे एका विशिष्ट जनावराचे होते.

मग मी तारीख वाचली. ती मी पूर्वीही वाचली असणार, कारण चित्राच्या नावाबरोबर ती छापतात. पण वाचणे आणि ध्यानात येणे यांत माझी पंचवीस वर्षे गेली. तारीख आहे नोव्हेंबर १७९०.

जेम्स वेल्स मुंबईला उतरला १७९१ साली. पुण्यात आला १७९२ मध्ये.

म्हणजे ज्याने गंगारामला डोळ्यांनी पाहून काढायला शिकवले असे मी सांगत होतो, तो गुरू हे चित्र झाले तेव्हा हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. मी पेन्सिलीने वहीत दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. लाज वाटली असे म्हटले तर ते खरे आहे. पुण्यात बसून, पुण्याच्या चित्रकाराविषयी, साधी वजाबाकी मी केली नव्हती.

इथे घाई करून दुसऱ्या टोकाला जायला नको. गंगाराम स्वयंभू होता, त्याला इंग्रजांकडून काही मिळाले नाही, असे या तारखेवरून सिद्ध होत नाही. मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता. प्राणी, वास्तू, लेणी यांची चित्रे हौसेने करवून घेणारा तो माणूस, आणि गेंड्याचे चित्रही त्याच्याच संग्रहातले. जनावर जसे दिसते तसे काढून हवे, ही मागणी इंग्रज गिऱ्हाइकाची होती. चित्राला महिना आणि साल चिकटवण्याची सवयही तिकडचीच. आपल्या चितारणीने तिथी क्वचितच नोंदली. पण मागणी करणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. मॅलेट चित्रकार नव्हता. मागणी पुरी करण्याइतका हात आणि डोळा गंगारामकडे आधीच होता. तो कुठून आला, हा खरा शोधाचा विषय. त्याच्या नावातच तांबट आहे. कसब्यातल्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला ठाऊक आहे की पत्र्यावर ठोका देताना गोलाई आधी डोळ्यात असावी लागते, मग ती हातोडीत उतरते. एवढ्यावरून सिद्धांत मांडायचा नाही. पण उत्तर शोधायचे तर शनिवारवाड्यातल्या शाळेच्या आधी या आळीचे दार ठोठवावे, असे मला वाटते.

वेल्सकडून गंगाराम काही शिकला असेल तर ते नंतर. १७९५ च्या दक्षिणेच्या वेळची पर्वती टेकडी हे त्याचे चित्रही याच केंद्रात आहे. टेकडी, अंतर, मोकळे रान हा विषय जनावराच्या चित्राहून निराळा, आणि तिथे वेल्सच्या सहवासाचा विचार करायला जागा आहे. म्हणजे १७९० चा कागद आणि १७९५ चा कागद शेजारी ठेवून पाहिले, तर गंगारामला आधी काय येत होते आणि त्याने पुढे काय घेतले, हे तपासता येते. अशी तुलना हेच अभ्यासकेंद्राचे काम. माझ्या वर्गातल्या गोष्टीने ती तुलनाच अनावश्यक करून टाकली होती.

४

त्याच दिवशी दुपारी मी भिंतीवरची चित्रे पाहिली. या केंद्राचा आत्मा स्टब्ज आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. घोड्यांवर प्रेम करणाऱ्या दात्याच्या संग्रहात दुसरे काय होणार? इथे त्याचा १७६३ चा झेब्रा आहे. इंग्लंडात आणलेल्या पहिल्या झेब्र्याचे हे चित्र. राणी शार्लटला तो भेट आला होता. पट्टा न् पट्टा बारकाईने काढलेला, पण मागे इंग्लंडातली सावलीची झाडी. आफ्रिकेचे जनावर इंग्रजी रानात उभे आहे आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळत नसावे, असा एक विचित्र एकटेपणा त्या चित्रात आहे. शिवाय घोड्यावर झडप घालणारा त्याचा सिंह : १७६२ चे भले मोठे चित्र, सगळा थरार, भय आणि उसळलेले स्नायू.

गंगारामनेही सिंह काढला आहे. त्या चित्राच्या नावात सिंहाबरोबर त्याचा रखवालदार आहे. मला हा फरक फार बोलका वाटतो. स्टब्जचा सिंह कोणाचा नाही. तो निसर्गाच्या उग्रपणाचे रूप आहे. गंगारामचा सिंह कोणीतरी रोज खायला घालतो. पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना हा सवाई माधवरावांच्या हौसेचा विषय होता, आणि तिथल्या जनावरांना माणसांची सोबत होती. त्याच परिसरातल्या पेशवे पार्कात वाढलेल्या माझ्या पिढीला पिंजऱ्याबाहेर बादली घेऊन उभा असलेला माणूस आठवेल. प्राणी बघायला जाताना आपण त्याच्याकडे बघत नाही. गंगारामने पाहिले.

एक योगायोग तर सांगितलाच पाहिजे. १७९० मध्ये हिंदुस्थानातून एक गेंडा लंडनला पोचला आणि स्ट्रँडवरच्या पिडकॉकच्या जनावरखान्यात पैसे घेऊन दाखवला जाऊ लागला. शल्यविशारद जॉन हंटर याच्यासाठी स्टब्जने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनला शल्यवैद्यांच्या महाविद्यालयातल्या हंटेरियन संग्रहालयात आहे. म्हणजे जवळजवळ एकाच सुमारास दोन चित्रकार, सात हजारांहून अधिक किलोमीटरच्या अंतरावर, दोन हिंदुस्थानी गेंड्यांसमोर कागद आणि कॅनव्हास घेऊन बसले होते. एकाला युरोपातला सर्वश्रेष्ठ प्राणिचित्रकार म्हणतात. दुसरा 'कंपनी शैलीतला स्थानिक कलाकार'. त्यांची प्रत एकच आहे असे मी म्हणत नाही. स्टब्जने घोड्यांची शवविच्छेदने करून हाड न् हाड अभ्यासले होते, त्याच्या रंगात जे वजन आहे ते गंगारामच्या जलरंगात नाही. पण ज्या कारणासाठी स्टब्जची थोरवी सांगतात, म्हणजे ऐकीव गोष्टीवर न विसंबता समोरचे जनावर पाहणे, त्या कारणासाठी गंगारामलाही त्याच वाक्यात बसवावे लागेल. आणि ते वाक्य लिहिण्याची सोय जगात दुसरीकडे कुठे असेल तर ती मला माहीत नाही. स्टब्जचा झेब्रा आणि गंगारामचा गेंडा एकाच इमारतीत आहेत.

ते शेजारी मात्र नाहीत. एक भिंतीवर, दुसरा पेटीत. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून जलरंग कायम टांगत नाहीत. हे कारण खरे आहे. तरीही संग्रहालयात जे भिंतीवर ते उत्तर आणि जे पेटीत ते टीप, असे बघणाऱ्याच्या मनात होतेच.

५

आता 'ब्रिटिश' या शब्दाकडे येतो. गंगारामची चित्रे इथे पोचली ती मॅलेट आणि वेल्स यांच्या कागदांच्या सोबतीने. वेल्सची रोजनिशीही इथेच आहे. वेल्स १७९५ च्या नोव्हेंबरात वारला, सवाई माधवरावांनंतर काही आठवड्यांनी. पुढे त्याच्या मुलीशी, सुसानाशी, मॅलेटने लग्न केले आणि चित्रांचा हा ठेवा विलायतेत कुटुंबाचा झाला. वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वेल्स आहे, डॅनियल आहे. गंगारामनेही वेरूळला जाऊन लेणी काढली होती. त्याचे नाव तिथे नाही. हा ठेवा 'ब्रिटिश' झाला तो मालकीच्या वाटेने. ज्याने करवून घेतले, ज्याने विकत घेतले, ज्याने दान केले, त्यांच्या नावाने कपाट भरले. केंद्राचे नाव हेच मुळी एक वाचन आहे, आणि माझ्या वर्गातली गोष्ट ही त्या वाचनाची मराठी आवृत्ती होती : आधी साहेब, मग शिष्य.

पण केंद्र म्हणजे केवळ दारावरची पाटी नव्हे. पाटीशी झगडण्याची साधनेही तिथेच आहेत आणि तिथली माणसे ती वापरतात. २०११ मध्ये होली शेफर यांनी इथे हिंदुस्थानातल्या ब्रिटिशांच्या चित्रसंग्रहावर प्रदर्शन मांडले, त्यात ही पुणेरी चित्रे होती. २०२२ मध्ये त्यांचे पुस्तक आले, पश्चिम हिंदुस्थानातल्या मराठे-इंग्रज कलाव्यवहारावर. त्याच्या नावात रोपाला कलम करण्याची प्रतिमा आहे. मराठीत तर हा शब्द आणखी एक अर्थ घेऊन येतो. आपण कलम बांधतो आणि कलम चालवतोही. राजस्थानी कलम, पहाडी कलम म्हणतो तेव्हा शैली असाच अर्थ असतो. हा विचार आधी मराठीत व्हायला हरकत नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. विद्यापीठ ज्याच्या नावाने ओळखले जाते तो इलायहू येल १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा प्रमुख होता. १७१८ मध्ये त्याने कनेटिकटमधल्या एका धडपडणाऱ्या विद्यालयाला नऊ गाठोडी माल, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले आणि शाळेला त्याचे नाव मिळाले. केंद्रात त्याचे एक सामूहिक चित्र आहे : बडी मंडळी टेबलाभोवती बसलेली, आणि कडेला एक काळा मुलगा, गळ्यात कुलूप लावलेला धातूचा पट्टा. मी गेलो त्याच्या पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, ते चित्र भिंतीवरून काढले आणि त्या जागी टायटस कफार या चित्रकाराचे चित्र काही काळ लावले. त्यात तोच प्रसंग घेऊन बाकी सगळा कॅनव्हास चुरगळून टाकलेला आहे. सोन्याच्या चौकटीत उरतो तो फक्त मुलगा, आणि त्याच्या गळ्यात पट्टा नाही. मूळ चित्रावर संशोधकांचा गट बसवण्यात आला. मुलाचे नाव मिळाले नाही. पण चित्राचे शीर्षक बदलले आणि त्यात 'गुलाम बालक' हे शब्द आले.

हा प्रकार मी प्रायश्चित्ताचे कौतुक म्हणून सांगत नाही. श्रीमंत संस्थांना प्रायश्चित्तही परवडते. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की शीर्षक ही दगडावरची रेघ नाही. पुरावा समोर ठेवला आणि कोणी हट्टाने वाचला तर ते बदलते. अभ्यासकेंद्राची परीक्षा मी आता अशी करतो : त्याच्या स्वतःच्या नावाविरुद्ध बोलणारा कागद ते जपते का, आणि कोणाही येणाऱ्यासमोर टेबलावर ठेवते का? गंगारामच्या बाबतीत येलचे केंद्र या परीक्षेला उतरते. माझ्या गोष्टीचे खंडन त्यांच्याच पेटीतून निघाले.

६

मग आपले काय?

न्यू हेवनहून परतल्यावर मी आपल्याच गावातल्या एका संग्रहात पेशवेकालीन चित्रांचा एक गठ्ठा पाहायची विनंती केली. अर्ज द्या म्हणाले, दिला. पुढच्या आठवड्यात या म्हणाले, गेलो. ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर होते. चौथ्या खेपेला एका भल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, तुम्हाला काय हवंय ते पुस्तकात छापलेलं आहे की." त्यांचा हेतू वाईट नव्हता. चित्र हे छापून झाले की संपते, असे त्यांना मनापासून वाटत होते. मलाही वाटत नव्हते का? काडेपेटीएवढ्या चित्रावर मी पंचवीस वर्षे काढलीच.

'ती चित्रे परत आणा' असे म्हणणे सोपे आहे. तलवारीसाठी, वाघनखांसाठी आपण ते म्हणतोही. गंगारामच्या कागदांवर आपला हक्क नाही असे मी म्हणणार नाही; पण ते उद्या परत आले तर कुठल्या टेबलावर ठेवणार, हे मला आधी विचारावेसे वाटते. मूळ कागदाची प्रतिमा आज येलकडून कोणालाही फुकट, मोठ्या आकारात मिळते. पुण्यातल्या किती चित्रशाळांत ती भिंतीवर आहे? एकाही पाठ्यपुस्तकात नोव्हेंबर १७९० आणि १७९१ हे आकडे शेजारी छापलेले मी पाहिलेले नाहीत.

आणि आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. उलट जे येलला कधी मिळणार नाही ते आपल्याकडे आहे. पेशवे दप्तर पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात आहे. खर्चाचे, देणग्यांचे, कारखान्यांचे मोडी कागद रुमालांत बांधून आहेत. चित्र तिकडे, कागद इकडे. गेंड्याला दाणावैरण किती, रखवालदाराला दरमहा काय, चिताऱ्याला रोज मिळाला की वस्त्रे मिळाली, हे प्रश्न न्यू हेवनच्या अभ्यासिकेत सुटणार नाहीत. तिथे मोडी वाचणारा माणूस आधी आपल्याकडूनच न्यावा लागेल. रुमालांत गंगारामचे नाव असेल की नसेल, ते सोडल्याशिवाय कळायचे नाही. पण ते सोडायला मोडी येणारा आणि चित्र वाचता येणारा असा एक माणूस लागतो, किंवा एका टेबलाशी बसणारी दोन माणसे. आपल्याकडे इतिहास संशोधक चित्राकडे सजावट म्हणून बघतो आणि आम्ही चित्रकलेची माणसे कागदाकडे रद्दी म्हणून. मधला जिना आपण बांधलेला नाही. येलने तो इमारतीतच बांधला, आणि माझ्या मते त्या केंद्रातली घेण्यासारखी गोष्ट तीच.

पैशाचे कारण सांगितले जाईल. आपल्याकडे मेलन नाही, हे खरे. पण गंगारामने ज्या दक्षिणेच्या वेळची पर्वती काढली, त्या दक्षिणेचे पुढे काय झाले ते आठवावे. पेशवाई बुडाल्यावर तोच निधी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, आणि १८४९ मध्ये त्यातला काही भाग मराठी ग्रंथांसाठी द्यावा म्हणून सुधारकांनी अर्ज केला; त्या अर्जाच्या बाजूने जोतीराव फुले माणसे घेऊन उभे राहिले. दानाचा ओघ कुठे वळवायचा यावर पुण्याने एकदा भांडण केलेले आहे, आणि ते भांडण ज्ञानासाठी होते. मेलनची संपत्ती असो, इलायहू येलची गाठोडी असोत, की रमण्यातली दक्षिणा असो, विद्येचा पैसा स्वच्छ हातांनी क्वचितच येतो. तो पुढे कोणासाठी उघडला जातो, एवढेच आपल्या हातात असते.

भाचीला मी परतीच्या गाडीतून फोन केला. म्हटले, "अगं, पुण्याचंच चित्र बघायला आलो होतो, पण मी पुण्यात ते पाहिलंच नव्हतं." ती म्हणाली, "मग आता मुलांना काय सांगणार?"

निवृत्तीनंतर अजूनही अधूनमधून मला वर्गावर बोलावतात. मी गंगारामच्या गेंड्याची मोठी छापील प्रत नेतो आणि मुलांना आधी नुसते बघायला लावतो. मग फळ्यावर दोन साले लिहितो आणि गप्प बसतो. परवा एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, मग याला शिकवलं कोणी?"

मला माहीत नाही, असे मी तिला सांगितले. वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. मग तिला विचारले, मोडी शिकशील का?